संपर्काचें सुख आणि संपर्काचें व्यसन



बीड जिल्ह्यांतील पाटोदा हें तालुक्याचें गांव आपणांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलें असेल. आदर्श ग्रामपंचायतीसाठीं ज्याचा बोलबाला झाला तें छत्रपति संभाजीनगराजवळचें पाटोदा निराळें. हें पाटोदा बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत, पूर्वींच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीकडे आहे. सौताड्याचा धबधबा याच तालुक्यांतला. पावसाळ्यांत तो पाहावयास दूरदूरचीं माणसें जातात. मांजरा नदीचा उगमही इथलाच. येथून निघून ती सुमारें ७२४ किलोमीटर वाहते आणि गोदावरीस मिळते. तिच्या माहेरच्या माणसांच्या वांट्यास मात्र त्या पाण्यांतलें फारसें येत नाहीं.

पाण्यामागून माणसेंही जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूंच्या गांवांतून ऊंसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या फडांवर जाऊन उतरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ असा तेथला हिशेब. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत, म्हणजे पांच-सहा महिने, तें घर दोन ठिकाणीं विभागलेलें असतें. धडधाकट माणसें फडावर, आणि म्हातारीं माणसें व शाळकरी मुलें गांवीं.

आजच्या भाषणाचा विषय ऊंसतोड हा नाहीं. हातांतल्या मोबाइलवरून जीं नातीं जुळतात व सांभाळलीं जातात त्यांचा माणसाच्या सुखाशीं काय संबंध आहे, आणि त्याच यंत्राचें व्यसन जडतें म्हणतात तें कितपत खरें, हा आजचा विषय आहे. या प्रश्नाचा विचार आपण बहुधा शहरांतल्या दिवाणखान्यांत बसून करतों. तेथें एकाच कोचावर चार माणसें चार पडद्यांत पाहत बसलेलीं असतात. तें दृश्य पाहिलें कीं निकाल तत्काळ देऊन टाकावासा वाटतो. म्हणून मी मुद्दाम पाटोद्यापासून आरंभ करीत आहें. दूरच्या माणसाशीं बोलण्याची गरज ज्या घराला खरोखरीच आहे, त्या घराच्या उंबऱ्यावरून हा इतिहास पाहिला म्हणजे तो निकाल इतका सोपा राहत नाहीं.

पाटोदा सन १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याचें टपालखातें स्वतंत्र होतें आणि १८६९ पासून त्याचीं स्वतःचीं तिकिटें निघत होतीं. इकडे इंग्रजी मुलखांत १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें व पुढच्याच वर्षीं टपालानें मनिऑर्डर पाठविण्याची सोय झाली. मनिऑर्डरीच्या फॉर्माच्या तळाशीं चार ओळी मजकूर लिहावयास जागा असे. परगांवीं गेलेल्या किती माणसांची ख्यालीखुशाली केवळ त्या चार ओळींतून घरीं कळली असेल, याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. पाठविणाऱ्यास लिहितां येत नसे, घेणाऱ्यास वाचतां येत नसे. तेव्हां तिकडे कोणी लेखणी धरी, इकडे शाळामास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवी, आणि ऐकावयास शेजारपाजार गोळा होई. आज आपण खासगीपणाची मोठी चर्चा करतों. खेड्यांतलें पत्र हें कधींच खासगी नव्हतें. नवऱ्यानें बायकोस लिहिलेलें पत्रही सासूच्या नांवें येई, आणि त्यांत बायकोसाठीं म्हणून जें असे तें ‘सर्वांस यथायोग्य’ या दोन शब्दांत शोधून घ्यावें लागे.

पत्राचा एक ठराविक साज असे. माथ्यावर ‘श्री’, मग नमस्कार, मग विनंति विशेष, आणि शेवटीं ‘कळावें, लोभ असावा’. तें ‘कळावें’ आलें कीं वाचणारा थांबे, पत्राची घडी होई, तें तारेला टोचलें जाई, आणि माणसें आपापल्या कामाला लागत. पत्राला शेवट होता. ही अगदीं साधी गोष्ट आहे, परंतु तिचा उपयोग मला पुढें करावयाचा आहे, म्हणून ती येथें सांगून ठेवतों.

तारेचें मात्र कोणालाच अप्रूप नव्हतें. खेड्यांत तार आली म्हणजे ती वाचण्यापूर्वींच रडारड सुरू होई. कारण आनंदाची बातमी कळविण्यासाठीं शब्दागणिक पैसे मोजणारें माणूस त्या गांवांत नसे. ही तारसेवा २०१३ च्या जुलैमध्यें कायमची बंद झाली, तेव्हां शहरांतल्या हौशी लोकांनीं आठवण म्हणून शेवटच्या तारा पाठविल्या. ज्यांच्या दारीं ती यमदूतासारखी येई, त्यांना ती गेल्याचें दुःख झालें असेल असें मला वाटत नाहीं.

टोळ्या मोठ्या संख्येनें जाऊं लागल्या त्या यानंतर. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें १९५० च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या मागोमाग पश्चिमेकडे कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकरी उघडा पडला, आणि ऊंस तोडावयास जाणें ही अडीनडीची गोष्ट न राहतां दर सालची रीत झाली. म्हणजे दूर जाणारीं माणसें हजारोंनीं वाढलीं, पण बातमी पोंचविण्याचें साधन तेंच जुनें राहिलें. फड दर आठ-पंधरा दिवसांनीं बदले. अशा माणसाला पत्ता कसला? घरून निघालेलें पत्र कारखान्याच्या नांवें जाई आणि तेथेंच पडून राही. पुढें एखादा गांवकरी तिकडून परत येई, तेव्हां कोण आजारी आहे, कोण बाळंत झाली, कोणाच्या हाताला कोयता लागला हें एकदमच कळे.

आतां थोडें बाजूला वळून ‘व्यसन’ या शब्दाकडे पाहूं. आपल्या भाषेंत या बाबतींत तीन शब्द आहेत, आणि तिन्हींची पायरी वेगळी आहे: छंद, नाद आणि व्यसन. छंदाचें कौतुक होतें, नादाबद्दल घरचीं माणसें कुरकुर करतात, व्यसनाबद्दल तीं रडतात. व्यसन म्हटलें कीं आज आपल्यापुढें दारू किंवा तंबाखू उभी राहते; जुना अर्थ याहून व्यापक होता. संस्कृतांत व्यसन म्हणजे संकटही. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण व्यसनांनाच दिलें आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाचीं अठरा व्यसनें मोजलीं आहेत, त्यांतलीं दहा कामापासून उपजणारीं व आठ क्रोधापासून. त्या दहांत मद्य आहे, द्यूत आहे, मृगया आहे. पण दिवसा झोपणें, दुसऱ्याची निंदा करीत बसणें, नाचगाण्यांत गुंगणें आणि व्यर्थ भटकणें हींही आहेत. या शेवटच्यासाठीं ग्रंथकारानें ‘वृथाट्या’ असा शब्द योजला आहे. अंगठ्यानें पडद्यावर चाललेली भटकंती त्याच्या स्वप्नांतही नव्हती, तरी तो शब्द तिला चपखल बसतो.

पश्चिमेकडील वैद्यकाला हें मान्य करावयास बराच वेळ लागला. पोटांत कांहीं गेल्यावांचून व्यसन जडत नाहीं असेंच तेथें पुष्कळ दिवस धरून चालत. किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९९६ सालीं इंटरनेटच्या व्यसनाचा प्रश्न पुढें आणला, तेव्हां अनेकांनीं तो हंसण्यावारी नेला. पुढें २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या नव्या सूचींत संगणकी खेळांच्या विकाराला स्थान दिलें, व ती सूची २०२२ पासून अंमलांत आली. परंतु लक्षांत घ्या, जागा मिळाली ती खेळांच्या विकाराला. समाजमाध्यमांचें व्यसन असा स्वतंत्र रोग त्या सूचींत नाहीं. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें, म्हणजे निम्हान्सनें, तंत्रज्ञानाच्या अतिवापरानें गांजलेल्यांसाठीं २०१४ पासून निराळा दवाखाना चालविला आहे. म्हणजे रोगाच्या नांवाबद्दल पंडितांचा वाद चालू असला तरी रोगी दारांत येऊन उभा आहे.

पुन्हा इतिहासाकडे येऊं. दूरचा आवाज घरांत आणणारें यंत्र आपल्या खेड्यांत प्रथम आलें तें रेडिओच्या रूपानें, आणि त्याच्या बाबतींत आपल्याच प्रांतांत एक प्रयोग झाला, जो आज बहुतेकांच्या विस्मृतींत गेला आहे. सन १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ऑल इंडिया रेडिओनें युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोनदां, संध्याकाळीं अर्धा तास, त्यांच्यासाठीं मराठींत खास कार्यक्रम होई. असे वीस कार्यक्रम झाले. गांवांतले पंधरा-वीस लोक एका जागीं बसून तो ऐकत. ऐकून झालें कीं यंत्र बंद. मग त्यावर बोलणें, शंका, वाद, आणि जें सुचेल तें लिहून केंद्राकडे पाठविणें. त्या शंकांचीं उत्तरें पुढल्या कार्यक्रमांत मिळत.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती आणि ती पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानें केली. त्यानें तीन प्रकारचीं गांवें ताडून पाहिलीं: श्रोतृमंडळ असलेलीं, नुसता रेडिओ असलेलीं, आणि दोन्ही नसलेलीं. मंडळाच्या गांवांत लोकांच्या माहितींत चांगलीच भर पडली. मंडळ नसलेल्या परंतु रेडिओ असलेल्या गांवांत ती भर अगदींच थोडी होती. यंत्र तेंच, आवाज तोच, कार्यक्रमही तेच; फरक एवढाच कीं एकीकडे तो आवाज थांबल्यावर माणसें एकमेकांकडे वळून बोलत होतीं.

पाटोदा या प्रयोगांत नव्हतें. शेजारचा अहमदनगर जिल्हा मुंबई राज्यांत होता आणि बीड अजून हैदराबाद राज्यांत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत राज्यांची फेररचना झाली व मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १९५९ पासून हीं मंडळें देशभर पसरविण्यांत आलीं. पुढें रेडिओ स्वस्त झाला, ट्रान्झिस्टर खांद्याला लटकवून माणूस एकटाच शेतावर जाऊं लागला, आणि मंडळें हळूहळू ओसरलीं. हा बदल इतक्या सहजगत्या झाला कीं कांहीं हरवलें असें कोणालाच वाटलें नाहीं. मला तरी वाटतें कीं आजच्या प्रश्नाचा पहिला धागा येथेंच आहे. यंत्र स्वस्त होतें त्या दिवशीं तें सामायिक राहत नाहीं. दूरदर्शनचेंही तेंच झालें. १९८७-८८ सालीं रविवारीं सकाळीं रामायण पाहावयास अर्धी आळी एका घरांत जमे. पुढें घरोघर संच आले आणि जमणें संपलें.

दूरध्वनीच्या पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ १९८० नंतरच्या दशकांत गांवोगांव निघाले, त्यांचा येथें नुसता उल्लेख करतों. मिनिटामिनिटाला पुढें सरकणारे आंकडे समोर दिसत, त्यामुळें तेथेंही बोलण्याला शेवट होता, आणि तो खिशाला चांगलाच कळे. ऊंसतोडीच्या माणसाला बूथाचा उपयोग बेताचाच. कारण फोन करावयाचा तो गांवांत कोणाकडे?

मोबाइलवरून देशांतलें पहिलें बोलणें १९९५ च्या जुलैअखेर झालें, आणि पंधराच दिवसांनीं, १५ ऑगस्टला, इंटरनेट सर्वांसाठीं खुलें झालें. खेड्यांतल्या गरिबाच्या हातीं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या मात्र २०१६ च्या सप्टेंबरनंतर, जेव्हां माहितीचा भाव एकाएकीं कोसळला. ज्या घरांत पत्र वाचावयास परका माणूस लागत होता, त्या घरांतल्या आजीला आतां लेकीचा चेहराच दिसूं लागला. लिहितां-वाचतां न येण्याची शतकांची अडचण एका बोटानें ओलांडली गेली. शहरांतल्या माणसाला या गोष्टीचें मोल कळणें कठीण आहे; त्याच्या दृष्टीनें तें एका सोयीवर दुसऱ्या सोयीची भर एवढेंच होतें.

संपर्क केवळ घरच्यांशींच झाला असें नाहीं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं असें दाखविलें होतें कीं, नोकरीधंद्याची बातमी माणसाला बहुधा जिवलगांकडून मिळत नाहीं, सैल ओळखीच्या माणसांकडून मिळते. कारण जिवलगांना जें ठाऊक असतें तें आपल्यालाही आधींच ठाऊक असतें. कोणता कारखाना केव्हां पेटला, कोठें तोडणीचा दर काय निघाला, कोणता मुकादम हिशेबाला खोटा आहे, ही बातमी अशाच सैल ओळखींतून पसरते, आणि ती वेळेवर कळणें हें कोयत्याच्या दृष्टीनें पोटापाण्याचें काम आहे. तेव्हां आभासी ओळखी म्हणून त्यांची थट्टा करणें बरोबर नाहीं.

मग बिघडलें कोठें? माझ्या मतें तें संपर्कांत बिघडलें नाहीं, शेवट काढून टाकण्यांत बिघडलें. इंटरनेटवरचीं पानें पूर्वी पुस्तकाप्रमाणें संपत. पुढचें हवें तर कळ दाबावी लागे. २००६ च्या सुमारास अशी युक्ति निघाली कीं, पडदा वर सरकवीत जावें आणि खालून नवें नवें आपोआप येत राहावें. २००९ सालीं फेसबुकनें पसंतीचा अंगठा आणला. त्यामुळें आपण टाकलेल्या शब्दाला कोणीं दाद दिली हें पाहण्यासाठीं माणूस पुनःपुन्हा परत येऊं लागला. प्रत्येक वेळीं दाद मिळते असें नाहीं, आणि केव्हां मिळेल याचा नेम नाहीं. जुगाऱ्याला फाशांपाशीं खिळवून ठेवते तीच ही अनिश्चितता. या दुकानदारीचा माल आपलें लक्ष हा आहे व तें जाहिरातदारांना विकलें जातें, म्हणून आपण उठून जावें अशी दुकानदाराची इच्छा असण्याचें कारण नाहीं. पत्रांतलें ‘कळावें’ त्यानें जाणूनबुजून पुसलें आहे.

याचा मनावर काय परिणाम होतो, याविषयीं विद्वानांचें म्हणणें एकसारखें नाहीं, आणि त्या मतभेदाचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरीं रॉबर्ट क्राउट व त्याच्या सहकाऱ्यांनीं ७३ घरांतील १६९ माणसांना संगणक व इंटरनेट देऊन पहिलीं एक-दोन वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवलें. १९९८ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, ज्यांनीं त्याचा जास्त वापर केला त्यांचें घरच्यांशीं बोलणें थोडें कमी झालें, ओळखीपाळखीचें वर्तुळ आंखूडलें, आणि एकाकीपणा व खिन्नता वाढली. संपर्काच्या साधनानें माणूस एकाकी व्हावा, हा मोठाच चमत्कार! वर्तमानपत्रांनीं तो उचलून धरला. पण याच मंडळींनीं त्या माणसांची पुन्हा विचारपूस केली, तेव्हां तो अनिष्ट परिणाम बहुतेक नाहींसा झालेला आढळला, आणि तेंही त्यांनीं २००२ सालीं तितक्याच मोकळेपणीं छापलें. नव्या माणसांचा एक गट त्यांनीं तपासला, त्यांत असें दिसलें कीं, जो बोलका आहे, ज्याला मुळांतच माणसांचा आधार आहे, त्याला इंटरनेटनें लाभ झाला. जो बुजरा आहे, ज्याच्यामागें कोणी नाहीं, त्याची स्थिति आणखी खालावली. म्हणजे ज्याच्या घरीं धान्य आहे त्याच्याच कणगींत पुन्हा धान्य पडावें असा हा प्रकार. दुरुस्तीची ही बातमी मात्र पहिल्या बातमीइतकी कोणीं छापली नाहीं.

२०१८ सालीं अमेरिकेंत दुसऱ्या एका मंडळीनें कांहीं लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करावयास लावलें. त्यांचा दिवसाचा सुमारें एक तास वांचला, घरच्यांच्या व मित्रांच्या सहवासांत कांहीं वेळ जास्त गेला, आणि त्यांच्या समाधानांत भर पडली. पण ती थोडी, प्रचारक सांगतात तितकी नव्हे. बातम्यांचें ज्ञान मात्र त्यांचें कमी झालें. एवढ्यावरून ज्याला जो निष्कर्ष काढावयाचा तो काढूं द्या. मला यांतून इतकेंच दिसतें कीं, सरासरीच्या आंकड्यांत पाटोद्याची आजी आणि कोचावरचे चौघे एकाच गोणींत भरले जातात.

आपल्याकडे या बाबतींत दोन गांवांनीं दोन वाटा धरल्या. सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. टाळेबंदींत मुलांच्या हातीं शाळेसाठीं मोबाइल आला, आणि शाळा उघडल्यावरही तो सुटेना. घरांत बायका मालिकांपुढून हलेनात. २०२२ च्या ऑगस्टांत, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं, गांवानें ठरविलें कीं संध्याकाळीं सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे सर्वांनीं मोबाइल व दूरदर्शन बंद करावयाचें, आणि साडेआठच्या भोंग्यानंतर हवें तर पुन्हा लावावयाचें. सरपंच विजय मोहिते यांनीं ही कल्पना मांडली तेव्हां प्रथम पुरुष हंसले. मग बायकांना बोलाविलें. त्यांनीं मालिकांचें वेड कबूल केलें आणि होकार दिला, तेव्हां पुरुषांना हंसणें आंवरावें लागलें. शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या घरोघर सांगत फिरल्या. त्या दीड तासांत मुलें अभ्यासाला बसतात, मोठीं माणसें बोलतात.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील, पुसद तालुक्यांतल्या बांशी गांवानें दुसरा मार्ग काढला. अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी, आणि ती मोडल्यास दोनशें रुपये दंड. आतां तर हा प्रश्न राष्ट्रांचा झाला आहे. ऑस्ट्रेलियानें २०२५ च्या डिसेंबरांत सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांचीं दारें कायद्यानें बंद केलीं.

वडगांवाचा भोंगा मला पसंत आहे, बांशीची बंदी तितकीशी नाहीं. भोंगा लहानमोठ्यांना सारखाच वाजतो. बापानें मुलाच्या हातचें यंत्र काढून घेऊन स्वतः त्यांत डोळे घालून बसावें, हा जो घरोघरचा ढोंगीपणा, त्याला तेथें जागा नाहीं. शिवाय एकट्यानें शेवट करणें कठीण असतें. बाकीचे तिकडे बोलत असतांना आपणच उठून जाणें जिवावर येतें. सर्वांनीं मिळून थांबलें म्हणजे मागें राहिल्याची रुखरुख लागत नाहीं. श्रोतृमंडळांतला अर्धा तास संपे, यंत्र बंद होई आणि माणसें एकमेकांकडे वळत, तेंच येथें निराळ्या रीतीनें झालें आहे.

परंतु सांगली हा उंसाचा मुलूख आहे. हंगामांत तिकडच्या शिवारांतून मराठवाड्यांतल्या टोळ्यांच्या कोपी पडलेल्या असतात. गांवांत सातचा भोंगा वाजतो तेव्हां पाचटाच्या कोपींतलें माणूस अजून कामावरून परतलेलें नसतें, आणि त्याचें घर त्या गांवांत नाहींच. त्याचें घर फोनमध्यें आहे.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी पुकारली गेली तेव्हां हें सर्वांना दिसलें. हंगाम संपत आला होता. लाखाहून अधिक ऊंसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरांत अडकून पडले, आणि एप्रिलाच्या मध्यानंतर सरकारनें परवानगी दिली तेव्हां ते गांवाकडे निघाले. त्या आठवड्यांत फडावरचें माणूस जिवंत आहे, धड आहे, हें घरीं कळण्याचें साधन तेवढें एकच होतें. त्याच जूनपासून शाळाही त्याच पडद्यावर भरूं लागली. घरांत फोन एक, तोही पुष्कळदां बापाच्या खिशांत. मग मुलाची शाळा त्याच्या खिशाबरोबर गांवोगांव हिंडे.

आतां पाटोद्याकडच्या एखाद्या घराचें हंगामांतलें चित्र डोळ्यांपुढें आणा. आजी आहे, दोन नातवंडें आहेत. रात्रीं फोन वाजतो. आई विचारते, जेवलांत का. मोठी सांगते, भाकरी करपली होती. धाकटा खरचटलेला गुडघा पडद्यापुढें धरतो आणि आई तिकडून त्यावर फुंकर घालते. बोलणें पांच-सात मिनिटांचें. ज्याला संपर्काचें सुख म्हणावयाचें तें एवढेंच, आणि तें पुष्कळ आहे. मग आई फोन ठेवते, पण इकडे तो ठेवला जात नाहीं. त्याच पडद्यावर धाकट्याचा अंगठा वर-वर सरकूं लागतो, नाच, मारामाऱ्या, गाड्या, पुन्हा नाच, आणि अकरा केव्हां वाजतात तें कळत नाहीं. आजीला तें यंत्र थांबवितां येत नाहीं. तिनें हिसकावून घ्यावें तर पोर म्हणतें, आईचा फोन पुन्हा आला तर? या प्रश्नाला तिच्यापाशीं उत्तर नसतें. सुख आणि व्यसन या घरांत एकाच खिडकींतून आंत येतात. म्हणून ती खिडकी चिणून टाका असें सांगणारा मनुष्य त्या आईला पांच महिने मुकी करतो.

सरकारनें अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. तेथें त्यांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय होते. आईशीं बोलण्याची नेमकी वेळ त्या सोयींत धरली पाहिजे, ही गोष्ट अजून कोणी फारशी बोलत नाहीं. ती वेळ निश्चित असली म्हणजे मुलालाही फोन उशाशीं घेऊन बसण्याचें निमित्त उरत नाहीं. आणि पाटोद्याच्या बाजूच्या एखाद्या गांवानें वडगांवासारखा भोंगा बसवावयाचें मनांत आणलें, तर त्याची वेळ चावडीवर बसून ठरवितां यावयाची नाहीं. त्यासाठीं आधीं फडावर फोन लावून विचारावें लागेल, कीं तुमच्याकडे उंसाची गाडी भरून किती वाजतां होते.